नत्थुजींच्या चार फेऱ्या

नत्थुजींचं म्हणणं एकच होतं: गुडघा त्यांचा आहे, तेव्हा तो बदलायचा की नाही हे अमरावतीचा डॉक्टर ठरवणार नाही. सुभद्राबाईंनी ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन ठेवली होती, पण नवरा बधेल तर शपथ.

"रोज सकाळी धुऱ्यानं चार फेऱ्या मारतो मी," नत्थुजी गरजले. "लंगड्या मानसाले जमन काय?"

"कोनं पाह्यलं तुमाले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

साक्षीदार जमिनीतच निघाला. अकोल्याच्या जठारपेठेतली आचल भूगर्भाचा सर्व्हे करायला इथं अचलपूरला आली होती. तिनं नत्थुजींच्या धुऱ्याकडेनं, म्हणजे शेताच्या बांधाकडेनं, काचेच्या तंतूची केबल पुरली होती. जमिनीवर घणाचा ठोका घालायचा, त्याचा हादरा केबलनं टिपायचा आणि त्यावरून खडक किती खोल आहे ते काढायचं, असं तिचं काम. "माणसाची पावलंसुद्धा कळतात तिला," आचल सहज बोलून गेली.

"मंग उद्या तिलेच इचारा," नत्थुजींनी जाहीर केलं. "चार फेऱ्या निघाल्या का तारीख रद्द."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. अर्ध्या फेरीतच गुडघ्यानं संप पुकारला. पण हार मानतील तर ते नत्थुजी कसले! त्यांनी गोठ्यातला म्हातारा बैल सोडला आणि विहिरीच्या कठड्यावरून कसेबसे त्याच्या पाठीवर चढले. पुढचं सगळं झोकात झालं. चौथी फेरी संपता संपता बैलाला शेजारची हिरवी तूर दिसली आणि तो वळला. नत्थुजी सरळ गेले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी धोतर झटकलं, बैल बांधला आणि घरी येऊन ऐटीत चहा मागितला.

दुपारी आचल लॅपटॉप घेऊन आली. "काकाजी, फेऱ्या बरोब्बर चार आहेत."

"आयकलं?" नत्थुजी बायकोकडे वळले.

"पण त्यातल्या साडेतीन फेऱ्या चार पायांच्या दिसतात."

"काठी असते माह्याजवळ."

"मंग तीन पाय झाले," सुभद्राबाई म्हणाल्या.

"ते जाऊ द्या," आचल म्हणाली. "शेवटी एक हादरा आहे, आमच्या घणापेक्षा जबर. खालचा खडक इतका स्वच्छ आम्हाला कधीच दिसला नव्हता. क्विंटलभराचं पोतं पडलं होतं का तिथं?"

एवढा अपमान नत्थुजींना सहन होणं शक्यच नव्हतं.

"क्विंटल? बाहत्तर किलो हाय मी!"

सुभद्राबाई उठल्या आणि अमरावतीला न्यायची पिशवी भरायला लागल्या.

"येकच गुडघा," नत्थुजींनी बजावलं. "दुसऱ्याचं नाव काढाचं नाई."