वामनरावांची काळी काच

आमच्या शेजारी वामनराव पिंपळखुटे राहायचे. या माणसाला उजेड सहन व्हायचा नाही.

नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कोणालाच सहन होत नाही, ते मी सांगत नाही. वामनरावांना पहाटेचाही उजेड चालायचा नाही. सूर्य उगवायच्या आधी ते ओट्यावर यायचे, आभाळाकडे पाहायचे अन् एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "उजेड फार झाला." पावसाळ्यात आभाळ काळंकुट्ट भरून आलं की थोडे खुशीत यायचे. "आज जरा बरा आहे. पण फारच आहे." मग खिशातून एक गोल काळी काच काढायची, डोळ्याला लावायची, आणि मान हलवत घरात जायचं.

आता काळ्या काचेचं मला कोणी सांगू नये. मी वेल्डर. कोराडीचं वीज केंद्र उभं राहिलं तेव्हा बॉयलरचे पाइप जोडणाऱ्यांत मी होतो. काळ्या काचेतून फक्त आर्कचा लखलखाट दिसतो. समोर उभा असलेला साहेब दिसत नाही, हा तिचा मोठा फायदा. मग नकाशांच्या सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या या सडाफटिंग माणसाला ती कशाला पाहिजे? मी घरात गेलो, माझी हत्याराची पेटी उघडली आणि माझ्या काचा मोजल्या. सातच्या सात होत्या. त्यानं संशय आणखी वाढला.

माझी बायको गिरजा म्हणायची, "तुमाले त देवळातल्या घंटेचाबी संशय येते. कोन वाजवली, काहून वाजवली."

मी म्हणायचो, "तुले काय समजते? मानूस उजेडाले घाबरते तेव्हा त्याच्या मनात काही तरी असतेच."

मग एका रविवारी वामनरावांनी अंगणात तिपाई मांडली, तिच्यावर कॅमेरा चढवला. समोर काय, तर कडुनिंब आणि संडासाची भिंत. त्यांनी कॅमेऱ्यातून वाकून-वाकून पाहिलं, स्क्रू पिळले, आणि सगळं मनासारखं झाल्यावर ती काळी काच काढून कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवली. म्हणजे आता आतून काहीच दिसणार नाही. मग एका लांब वायरीचं बटण दाबलं आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होतो. एक बिडी ओढून झाली, तरी माणूस तसाच. फोटोवाला टिचकी मारतो की फोटो निघतो, एवढं मलाही माहीत होतं. संडासाच्या भिंतीचा फोटो काढायला एवढा वेळ?

तेवढ्यात दूधवाला आला. सायकल उभी केली आणि म्हणाला, "साहब, दूध."

वामनरावांनी हात वर केला. दूधवाल्याला वाटलं, हिशोब विचारतात. तो म्हणाला, "कल का आधा पाव अलग."

वामनराव किंचाळले, "गेलं! सगळं गेलं! एकशे बत्तीसपर्यंत आलो होतो मी!"

दूधवाल्याशी ते तीन महिने बोलले नाहीत. दूध घ्यायचे, पण भांडं ओट्यावर ठेवून आत जायचे. एका सेकंदासाठी असं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी गिरजाला म्हटलं, "हा मानूस मोजते काय?"

ती म्हणाली, "मोजू द्या नं. तुमचं काय जाते?" आणि हसली. ते हसणं मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

त्यानंतर गिरजा गेली. चार दिवसांच्या तापात गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तेरवीच्या दिवशी वामनराव जेवायला आले. कोपऱ्यात बसले, वरणभात चिवडला, वडा तसाच ठेवला. पंगत उठल्यावर माझ्याजवळ आले, चष्मा पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "मिस्त्री, वहिनी ओव्या म्हणायच्या, त्या तुम्हाला येतात का?"

मी म्हटलं, "काहून?"

"नाही, माझी वेळ चुकून राहिली. प्रत्येक शनिवारी चुकते."

एवढं बोलून गेले. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

शनिवार! गिरजा दर शनिवारी पहाटे तेलंगखेडीच्या मारुतीला जायची. गोकुळपेठेतून पायी. दीड-दोन तासांनी यायची. मारुतीला नारळ फोडायला दोन तास लागत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. देवळापासून फुटाळा तलाव हाकेवर, आणि वामनरावही शनिवारी पहाटे तिपाई खांद्यावर टाकून तिकडंच जायचे. आणि तिच्या ओव्या या माणसानं कुठं ऐकल्या? माझ्या घरची बाई याच्यासोबत पहाटे करत काय होती?

साठी उलटलेली बाई, तोंडात चार दात, गुडघे कुरकुरणारे. तुम्ही हसाल. हसा. पण ज्याच्यासोबत बेचाळीस वर्षं काढली, त्या माणसानं आपल्यापासून काही झाकून ठेवलं होतं, हे मेल्यावर समजलं, की हसू येत नाही. तिला विचारायची सोय नव्हती.

पुढच्या शनिवारी मी फुटाळ्यावर गेलो. अजून नीट उजाडलं नव्हतं. वामनराव पाण्याच्या कडेला तिपाई मांडून उभे. हातात वायर, ओठ हलून राहिलेले. मी मागून जाऊन उभा राहिलो. ते मधेच थांबले, बटण सोडलं आणि पाण्याकडे पाहून म्हणाले, "हेही चुकलं."

मी म्हटलं, "वामनराव, माही बुढी अथी तुमच्यासंग येत होती?"

ते दचकले. मग सरळ म्हणाले, "हो. दोन वर्षं."

"काहून?"

"मोजायला."

मला वाटलं, याच्या कानाखाली ठेवून द्यावी. पण माणूस एवढा बारीक, पाण्यात पडला असता. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि माझ्या हातात दिली. मी चौथी शिकलेला, पण अक्षर छापल्यासारखं होतं, वाचता आलं. पानापानावर एकेक फोटो चिकटवलेला आणि खाली लिहिलेलं. फुटाळा. ढग. काळी काच. ओव्या नऊ. दुसऱ्या पानावर अंबाझरीचा सांडवा. ऊन नाही. काळी काच. ओव्या सहा.

मी फोटो पाहिले. फुटाळा होता, पण हा कोणता फुटाळा? लाटा नाहीत, तरंग नाही. पाण्यावर दुधाची साय धरावी तसं सगळं गुळगुळीत. ढग पिंजलेल्या कापसासारखे ओढलेले. आणि माणूस नाही एक.

मी म्हटलं, "म्हशी कुठी गेल्या?"

"हलल्या."

"अन् धोबी?"

"तोही हलला."

"हे काय आहे मंग?" एका फोटोत म्हशीचं धड होतं, डोकंच नव्हतं.

"तिनं डोकं हलवलं," वामनराव रागानं म्हणाले. "धड चांगलं ठेवलं होतं बिचारीनं."

मग त्यांनी समजावलं. काच काळी असली तरी रंगाला हात लावत नाही, फक्त उजेड अडवते. एवढी अडवते, की टिचकीचं काम मिनिटांवर जातं. फिल्म हळूहळू पिते. जे एका जागी उभं राहतं तेवढंच तिला लागतं, बाकीचं वाहून जातं. त्यात पुन्हा फिल्म आळशी. दोन मिनिटांचा हिशोब निघाला तर चार द्यावी लागतात, ती थकते. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी सगळं जागेवर लावायचं आणि मग काच चढवायची.

आमचंही असंच. रॉड जागेवर धरायचा, मान झटकून काच पाडायची, आणि पुढचं सगळं आंधळ्यानं करायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नसावा. पण संशय असा एका वाक्यानं जात नाही.

"घड्याळ नाही का तुमच्याजवळ?"

"आहे. घड्याळाकडे पाहिलं तर पाणी कोण पाहील? मध्येच ऊन पडलं तर थांबावं लागतं. आणि मनात मोजलं की कोणीतरी दूध घेऊन येतो."

मग ओव्यांची गोष्ट निघाली. वामनराव न्हाणीत अंधार करून फिल्म धुवायचे. अंधारात घड्याळ दिसायचं नाही. भिंतीपलीकडे आमचा स्वयंपाक. गिरजाचं जातं केव्हाच सुटलं होतं, पण ओवी सुटली नव्हती. बारा ओव्यांत दूध उतू येतं, शंभर ओव्यांत तुरीची डाळ मऊ होते, असा तिचा हिशोब. तिला घड्याळ वाचता यायचं नाही आणि तिचा भात कधी करपला नाही. वामनरावांनी एक दिवस घड्याळ घेऊन भिंतीला कान लावला. एक ओवी, बावीस सेकंद. दुसरी, बावीस. दहा ओव्या घेतल्या, दहाही बावीस.

"मिस्त्री, आमच्या कचेरीतलं घड्याळ एवढं खरं नाही," ते म्हणाले. "मग मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, मारुतीले त जातोच मी, रस्त्यातच आहे."

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं?"

खरं सांगतो, नसतं येऊ दिलं.

मी वही शेवटपर्यंत पाहिली. साठ-सत्तर फोटो असतील. एकातही गिरजा नव्हती. ती कॅमेऱ्याच्या मागं उभी राहायची. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, आणि कोणतं जास्त ते समजलं नाही. ती गेल्यापासूनची शेवटची पानं होती. त्यांवर फोटो काळे, नाही तर भुरके. खाली लिहिलेलं, चुकलं. चुकलं. चुकलं.

"तुम्ही म्हना नं ओव्या. दोन वर्षं ऐकल्या," मी म्हटलं.

"शब्द येतात. चाल येत नाही. मी घाई करतो."

"शब्द काय होते?" हे विचारताना माझी मलाच लाज वाटली. बेचाळीस वर्षं मी तो आवाज ऐकला. सकाळी उठलो की चालूच. पंख्याचा आवाज ऐकतो तसा ऐकला. शब्द ऐकले नाहीत.

वामनराव खाली पाहून म्हणाले, "पहिल्या दोन देवाच्या. बाकी बहुतेक तुमच्या."

"माह्या?"

"तुमच्या डोळ्यांच्या. आगीपुढं बसून घरधन्याचे डोळे लाल होतात, त्यावर ती गुलाबपाणी ठेवते, असं. कोराडीच्या धुराला एक शिवीपण होती. ती सातवी."

मी तिथल्याच एका दगडावर बसलो. आर्क मारून आलो की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी व्हायची, तेव्हा ती कापडाच्या घड्या ओल्या करून ठेवायची. त्यावर तिनं गाणं जोडलं होतं, आणि ते या उजेडाला भिणाऱ्या माणसाला पाठ होतं. मला नव्हतं.

मग मी उठलो आणि म्हटलं, "लावा काच."

"हं?"

"चाल मले येते. तुम्ही शब्द सांगा हळूच, मी म्हनतो. किती पायजे?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. सवयीनं म्हणाले, "उजेड फार झाला. नऊ."

त्यांनी स्क्रू पाहिले, काच फिरवून बसवली, वायर हातात घेतली आणि मान हलवली. मी सुरू केलं. माझा आवाज म्हणजे गंजलेलं दार. पण चाल आपोआप आली, जात्यावरच्या तिच्या हाताच्या फेऱ्यासारखी, ना पुढं ना मागं. ते शब्द सांगायचे, मी ओढत जायचो. तीन झाल्या. चार झाल्या. पाचवीत गुलाबपाणी आलं आणि ओवी अर्ध्यातच राहिली. पुढं निघेचना. मी तोंडाला शेला लावला.

वाटलं, आता हा माणूस किंचाळेल. किंचाळला नाही. बटणावरचा अंगठा तसाच. ऊन वर आलं, पाणी चमकायला लागलं, म्हशी उतरल्या, धोब्यानं गाढवं सोडली. सगळं आभाळ त्या काचेतून आत चाललं होतं. एवढ्या वेळात फोटो पार कोरा पांढरा झाला असेल, हे आता मलाही समजत होतं. वामनराव हलले नाहीत.

शेवटी मीच डोळे पुसून म्हटलं, "वामनराव, काहून बंद नाही केलं? खराब झालं नं सगळं."

ते पाण्याकडेच पाहत म्हणाले, "वहिनींची ओवी संपली कुठं होती, मिस्त्री?"