चालक प्रतिसाद देत नाहीत

"हात काढायचा नाय? म्हंजे अजिबात नाय?" जैतूकाकांनी आपल्याच जीपच्या स्टेअरिंगकडे परक्यासारखं पाहिलं.

"काढा ना, एक हात काढा," मुकेश म्हणाला. "पण दोन्ही हात सुटले आणि डोळेही मिटले, की यंत्राला वाटतं चालक बेशुद्ध झाला. मग ते स्वतःच ब्रेक लावतं. विमानातही त्याने असाच ताबा घ्यायचाय."

"आनी मी शिंकलो तर?"

"शिंक माफ आहे."

मुकेश बंगळूरला विमानाच्या कॉकपिटमधली यंत्रं घडवणाऱ्या कंपनीत होता. त्याचं हे यंत्र चाचणीला गेलं आणि वैमानिकांनी ते पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं. साहेब एवढंच म्हणाले, "का बंद करतात ते शोधून ये." वैमानिकांना विचारण्यापेक्षा सोपा मार्ग मुकेशला सुचला. सुट्टीवर जव्हारला येताना त्याने यंत्राची छोटी आवृत्ती आणली आणि काकांच्या जीपमध्ये बसवली. काकांना चहा पाजला, विचारलं मात्र काही नाही.

शिवाय मुहूर्तही चांगला होता. आज घरच्या माणसांनी जीप भरून सूर्यमाळला जायचं होतं, रविनाच्या घरी. मागच्या बैठकीत रविनाचे वडील तुळशीदास म्हणाले होते, "पोरगा हुशार हाय, ते दिसलं. शाना हाय का, ते बघून सांगू." आज ते सांगणार होते. हो म्हणाले तर लगेच साखरपुडा. म्हणून माघीआत्याने मांडीवर साखरेचा पुडा घेतला होता आणि निघताना जीपची पूजाही केली होती. हळदकुंकू, अगरबत्ती आणि डॅशबोर्डवर झेंडूचा एक भला जाड हार.

जव्हारच्या वेशीवर मारुती आला. काकांनी गुडघ्याने स्टेअरिंग सावरलं, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. जीप चालवायला लागल्यापासून ते असंच करत आले होते.

"चालक प्रतिसाद देत नाहीत," एक गोड बाई डॅशबोर्डमधून म्हणाली. "ताबा घेत आहे."

जीप जागच्या जागी थांबली. मागची माणसं पुढच्यांच्या मांडीवर आली. साखरेचा पुडा मुकेशच्या डोक्यावर फुटला.

"कोन बाई हाय ती?" आत्या किंचाळली.

"चालक शुद्धीवर असल्यास हिरवं बटण दाबा," बाई म्हणाली.

"दाबा, काका, दाबा!"

"कुठंशी हाय बटन?"

बटण हाराखाली होतं. हार आत्याने चार गाठी मारून बांधला होता. गाठी सुटेपर्यंत बाईने ठरलेल्या नंबरवर निरोप सोडूनही दिला. यंत्र बसवताना तिने संकटात कळवायचा नंबर मागितला होता आणि मुकेशला हल्ली एकच नंबर पाठ होता.

"बंद कर ती बाई," काका म्हणाले.

"नको ना काका! एकदा तरी कुणीतरी शेवटपर्यंत बंद न करता चालवलं, हे साहेबांना दाखवायचंय. तुम्ही फक्त हात जोडू नका."

"बरा," काका म्हणाले आणि त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण पुढच्या वळणावर गावदेवी आली आणि हात आपोआप उठले. मग म्हसोबा आला. मग पाण्याच्या टाकीजवळचा तो शेंदूर लावलेला दगड आला, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पण राग मोठा होता म्हणे.

वेशीपासून घाटभर रेंज नव्हती, त्यामुळे चारही निरोप मुकेशच्या फोनमध्ये अडकून बसले. वर पठारावर रेंज आली आणि ते एकदमच सुटले. चार वेगवेगळ्या जागा आणि एकच मजकूर: चालक बेशुद्ध.

सूर्यमाळला पोहोचण्याआधी वाघोबा देवाचं वळण लागतं. तिथे समोरून माणसांचा लोंढा धावत येत होता. पुढे तुळशीदास, मागे खाटलं उचललेले दोघं, त्यांच्यामागे हातात फोडलेला कांदा घेऊन रविना. आणि नेमक्या त्याच क्षणी काकांना वाघोबा दिसला.

"चालक प्रतिसाद देत नाहीत!" बाई सगळ्यांच्या देखत ओरडली.

जीप थांबली. मिटल्या डोळ्यांच्या काकांना लोकांनी ओढून काढलं, खाटल्यावर आडवं केलं. रविनाने कांदा नाकाला लावला.

"अरे, पाया पडत होतो मी!" काका ठसकत ओरडले. "वाघोबाच्या!"

सगळे मुकेशकडे वळले. केसांत साखर, हातात बटणावरचा हार. त्याने सगळं सांगितलं.

"काकाच्या गाडीत यंत्र बसवलं," रविना म्हणाली, "त्यांना विचारलं होतं का, तुम्ही हात कधी सोडता?"

"नाही."

"आनी माझा नंबर टाकला. मला विचारलं?"

"...नाही."

तुळशीदासांनी घाम पुसला. "आता हा शाना हाय का, ते कसं ठरवायचं?"

रविनाने मुकेशकडे रोखून पाहिलं. इतक्या माणसांसमोर, वाघोबासमोर, खाटल्यावरच्या काकांसमोर त्याने विचारलं, "रविना, मी... तुला चालेन का?"

"हां, आता विचारलं," ती म्हणाली. "चालेल."

तुळशीदास हसले. साखरपुड्याची साखर मुकेशच्या केसांतूनच चिमटीने काढावी लागली.

परतीच्या वाटेवर मुकेश यंत्र बंद करायला गेला, तर काकांनीच हात धरला. "राहू दे. तुझ्या साहेबाला दाखवायचंय ना? आता मना समजलं." दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट पकडून, डोळे टक्क उघडे ठेवून त्यांनी जीप हाकली. वाघोबाचं वळण आलं आणि गेलं. बाई गप्प होती. हिरवा दिवा शांत जळत होता.

"जैतू!" माघीआत्या मागून कडाडली. "अरे, वाघोबा गेला! याने हात नाय जोडले!"

"काय झालं याला?"

"शुद्धीवर हाय का?"

"थांबव, थांबव रे गाडी!"

जीप थांबली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी तळपाय चोळायला घेतले. आत्याने रविनाचा कांदा पिशवीत जपून ठेवलेलाच होता.

मुकेशने एकदा त्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं, एकदा घाबरलेल्या माणसांकडे. मग तो काकांशेजारी सरकला.

"काका, एक विचारू का?"

"विचार," काका नाक सोडवत म्हणाले, "पन आधी ह्या बाईला बंद कर."

"गप्पच आहे की ती."

"ती नाय रे," काका म्हणाले. "ही, कांदेवाली."