बंधूकाकांचा अस्वलाचा खेळ

आमच्या रोह्याच्या आळीत चार माणसं जरा मोठ्याने बोलू लागली, की शेजारच्या ओट्यावरून आवाज आलाच म्हणून समजा, "काय रे, अस्वलाचा खेळ मांडलाय काय?"

हे आमचे बंधूकाका. कंपनीत जन्मभर यंत्रांचा खडखडाट ऐकून त्यांचे कान विटलेले. लग्नाची वरात, टीव्हीवरची चर्चा, मासळीबाजारातली घासाघीस, सगळा त्यांच्या लेखी अस्वलाचा खेळ. एकदा पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन येताना गाडीत बायकांनी गलका केला, तर हे मूर्तीसकट मधल्याच कासू स्टेशनवर उतरले आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसून राहिले. विचारलं तर म्हणाले, "बाप्पाचं डोकं दुखत होतं."

गणपतीत आमची आळी घरोघर आरत्या करत फिरते. गेल्या वर्षी काकांनी आपल्या घरच्या ऐन आरतीत हात वर केला. "थांबा! ताल नाय, सूर नाय. परत पयल्यापासून!" असं तीनदा झाल्यावर मंडळी प्रसाद न घेताच निघून गेली.

आळीनेही मग अढी धरली. यंदा आमच्या घरची आरती झाली आणि सगळे काकांच्या ओट्यासमोरून सरळ पुढे निघाले. काकांचं दार सताड उघडं होतं. समया लावलेल्या, मोठी सतरंजी अंथरलेली. काकी गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नाही, मुलगी बडोद्याला. मला कसंसंच झालं, पण पाय काही थांबले नाहीत.

"सुनंदा," काकांनी माझ्या बायकोला हाक मारली. हातात आरतीचं तबक तसंच. "माझा गणपती राहिला गो."

"काका, आमचा ताल चुकतो," ती म्हणाली.

"चुकू दे." काका म्हणाले. "लहानपणी आमच्या गावाला, निडीला, दरवेशी अस्वल घेऊन यायचा. नुसता दंगा. तो गेला की गाव मेल्यागत वाटायचा. माझा घर आता तसा झालाय गो."

सुनंदाने चपला काढल्या, तशी तिच्यामागून सगळी आळी आत शिरली.

त्या दिवशी झांजा एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे होतो. काका डोळे मिटून टाळ्या वाजवत होते, तेही बेताल. आरती संपली, आम्ही प्रसादासाठी हात पुढे केले.

काकांनी डोळे उघडले.

"थांबलात कशाला? परत पयल्यापासून!"