विलासचं रिकामं कपाट

आमच्या शेजारच्या विलास परबाकडे बाहुल्यांसाठी मोठं काचेचं कपाट आहे. आत दिवेसुद्धा लावलेत. बाहुली एकही नाही.

बाहुली म्हटलं की तो चिडतो. "काकू, फिगर म्हणा ना!" जपानी योद्धे, यंत्रमानव, वाघाच्या तोंडाचे राक्षस. या वस्तू तयार व्हायच्या आधीच दुकानात मागणी नोंदवायची आणि वर्षभर थांबायचं. विलास नोंदवतो, थांबतो, आणि रद्द करायच्या अगदी शेवटच्या दिवशी रद्द करून मोकळा होतो. आजवर एकाही दुकानाला त्याचे पैसे कापता आले नाहीत.

मी चौथी शिकलेली. पण एवढं तोंडपाठ असलेला माणूस मी देवळातसुद्धा पाहिला नाही. कुठलं दुकान माल निघेपर्यंत रद्द करू देतं, कुठलं आगाऊ रक्कम ठेवून घेतं, कुठलं फार वेळा रद्द केलं की गिऱ्हाइकाचं नावच काढून टाकतं, विचारा आणि ऐका. दुकानातली मुलगी फोनवर "होणार नाही" म्हणाली की हा थंडपणे सांगतो, "मॅडम, तुमचेच नियम जरा खाली सरकवून बघा." ती बघते. मग "सॉरी सर."

सोसायटीत कुणाची सहल रद्द होवो नाहीतर मिक्सर परत करायचा असो, माणसं याच्या दारात. अख्ख्या बोरीवलीत असा दुसरा नसेल.

एकदा मी विचारलंच, "घ्यायचं नाही तर मागवतोस कशाला रे?"

"आल्यावर काय, धूळच पुसायची. येणार आहे म्हणेपर्यंत मजा, काकू."

डोकं फिरलंय, म्हटलं.

यंदा डॉक्टरांनी त्याला छातीचं ऑपरेशन सांगितलं. बायको गेल्यापासून घरात हा एकटाच, म्हणून हॉस्पिटलची पिशवी भरायला मी गेले. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला, दुकानाचा निरोप होता. घोड्यावरच्या एका योद्ध्याची मागणी रद्द करायचा आज शेवटचा दिवस. विलासने मोबाइल उपडा ठेवला.

"अरे, रद्द कर की!"

"नको. हा येऊ दे."

"कधी येणार?"

"पुढच्या दिवाळीनंतर."

"आणि तू नसलास तर?"

विलासने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"घरी माणूस नसलं तर पार्सल परत जातं, काकू. नियमच आहे तसा. मला असावंच लागेल."