ओट्याच्या तोंडाशी आठ जणांचं टेबल

स्वयंपाकघर कसं असावं हे बायकांना कळत नाही, असं माझं मत होतं. हे मत मी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

मल्लेश्वरमच्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा मी ते काम अंगावर घेतलं. कारण तसं गंभीर होतं. माझ्या बायकोची, वीणाची आई, भागीरथीबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, चामराजपेटेत एकट्या राहतात. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि गुडघा कायमचा कुरकुरायला लागला. तेव्हापासून वीणा रोज ऑफिस सुटल्यावर चामराजपेटेला आणि तिथून घरी, अशी फिरत होती. रात्री फोन वाजला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. आमच्याकडे चला म्हटलं की अक्का म्हणत, येते की, पण तुमच्या घरात रांधणारीनं भिंतीकडे बघत रांधायचं आणि खाणाऱ्यानं ताट घेऊन टीव्हीसमोर पळायचं. मला भिंतीशी बोलायची सवय नाही.

"बस्स, एवढंच ना?" मी वीणाला म्हणालो. "अक्कांना मी असं स्वयंपाकघर देतो की त्या चामराजपेटेचा पत्ता विसरतील."

वीणानं कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेला खूण केली. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका पुरावा ठेवतात.

मी मोबाइलवर स्वयंपाकघरं बघायला लागलो. लोक बातम्या बघतात तशी! शेवटी यू-आकारावर मन बसलं. तीन बाजूंनी ओटा, मधे रांधणारं माणूस राजासारखं उभं, आणि चौथ्या, उघड्या बाजूला जेवणाचं टेबल. टेबलाला बाहेरच्या बाजूनं ओळीनं चार खुर्च्या, पंगतीसारख्या. शेगडी पूर्वेला, कारण अक्का पश्चिमेकडे तोंड करून दूधसुद्धा तापवत नाहीत. ओट्याकडून नुसतं वळलं की पंगत समोर. इतकं सुंदर होतं की आराखडा काढताना मलाच भूक लागली.

काम रम्या नावाच्या तरुण इंटिरियर डिझायनरकडे दिलं. हुशार मुलगी. तिनं सगळं मान्य केलं, फक्त टेबल बघून थबकली. मी घेतलं होतं आठ जणांचं, सागवानी, अस्वलाच्या पायांचं. टेबल आणि ओटा यांच्यामध्ये ये-जा करायला वाट सोडली होती, खुर्च्यांच्या पाठीमागे फ्रिज आणि भिंत. मी स्वतः टेपनं मोजून दाखवलं.

"सर, स्वल्प टाइट आहे," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की आम्ही मूळचे पुण्याचे, अख्खं आयुष्य टाइट जागेत काढलंय. तिनं मान डोलावली. आता सांगायला हरकत नाही, मोजताना खुर्च्या टेबलाखाली ढकललेल्या होत्या. खुर्चीत माणूस बसतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आमच्या पुण्याच्या घरी खुर्च्या कायम आत ढकललेल्याच असायच्या. बाहेर काढल्या की पाहुणा बसतो.

रविवारी अक्का परीक्षा घ्यायला आल्या. सोबत त्यांचे धाकटे भाऊ, नरसिंगराव मामा. मामांचं चिकपेटेत कापडाचं दुकान, आणि देह असा की ताग्यावर तागा गुंडाळून ठेवल्यासारखा. रम्यालाही कौतुकानं जेवायला बोलावलं होतं.

अक्कांनी ओटा हातानं चाचपला, पूर्व कुठे ते विचारलं, "सरी", म्हणजे ठीक, म्हणाल्या आणि पदर खोचून होळिग्यांना लागल्या. पुण्यात जिला पुरणपोळी म्हणतात तिची ही जरा पातळ आणि जास्त लाडावलेली बहीण. कुणाला मदत करू दिली नाही. वीणालाही बसवलं.

आम्ही बसलो. फ्रिजला पाठ लावून मामा, मग रम्या, वीणा, आणि टोकाला मी. मामांनी खुर्ची ओढली आणि पोट टेबलाला लागलं. पाठीमागे फ्रिज हलायला तयार नव्हता, मामा हलण्यातले नव्हते, तेव्हा टेबलानंच माघार घेतली. अस्वलाचे पाय करकरले, टेबल पुढे सरकलं आणि ओट्याच्या दोन्ही टोकांना जाऊन असं चपखल बसलं, जसं बँकेच्या लॉकरचं दार!

आत अक्का, गॅस, पाणी आणि सगळा स्वयंपाक. बाहेर आम्ही.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट मजाच आली. अक्का तव्यावरून होळिगे काढत, वळत आणि थेट पानात टाकत. चालायचं नाही, वाकायचं नाही. चेहऱ्यावर समाधान होतं. मी वीणाकडे विजयी मुद्रेनं बघितलं. आग्रहाचं तंत्र मात्र माझ्या आराखड्यात आलं नव्हतं. जुन्या घरात वाढणारीला चार पावलं चालावं लागतं, तेवढ्यात हात आडवा घालता येतो. इथे हात आडवा घालेपर्यंत होळिगे पानात, त्यावर तूप!

बऱ्याच वेळानं मी हळूच खुर्ची मागे सरकवली.

"दत्तराव," अक्का म्हणाल्या, "नरसूचं व्हायचंय अजून."

त्यांच्या घराण्याचा नियम मला तेव्हा नीट कळला. पंगतीत सगळ्यात मोठ्याचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा पानावरून उठलं की त्या वेळचं जेवण संपलं, परत बसायचं नाही. आणि रांधणारीनं सगळ्यांचं आटोपल्यावर खायचं. मी मामांकडे वळून नम्रपणे विचारलं, झालं का.

"दहीभात राहिला की," मामा म्हणाले.

दही फ्रिजमध्ये होतं. फ्रिजचं दार मामांच्या पाठीमागे होतं. मामा उठल्याशिवाय दार उघडत नव्हतं, आणि दहीभात खाल्ल्याशिवाय मामा उठत नव्हते. मी म्हटलं, एकदाच नुसते उभे राहा. मामांनी माझ्याकडे दुकानात उधारी मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. रम्यानं सुचवलं, थोडं पुढे सरका. पुढे टेबल, टेबलापुढे ओट्याचं ग्रॅनाइट. तिनं मग मान खाली घालून अजून एक होळिगे खाल्ली. तिच्या घरीही दहीभाताशिवाय जेवण संपत नव्हतं, तेव्हा ती मामांच्याच पक्षात होती.

मामा आता चामराजपेटेतल्या कुठल्याशा लग्नाची हकिगत सांगायला लागले. हकिगत सांगताना त्यांना भूक लागते. अक्का वाढतच राहिल्या.

तेवढ्यात टेबलाखाली वीणाचा पाय माझ्या पायावर पडला. मला वाटलं चुकून. परत पडला. मी बघितलं तर ती आईकडे बघत होती. अक्कांनी एका हातानं ओट्याची कड धरली होती. वाढायला वळताना ओठ आवळत होत्या. तो गुडघा! किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. बसायला आत काहीच नव्हतं. माझ्या आराखड्यात रांधणारं माणूस राजासारखं उभं होतं. ते कधी दमतं, हे त्यात नव्हतं.

"अक्का, पाय दुखतोय ना?" वीणा म्हणाली.

"कुठं काय? खा तू."

मी वीणाचा चेहरा पाहिला आणि समजलो, ही बाई आज चामराजपेटेला परत गेली तर कायमची गेली. मी उठू शकत नव्हतो. जावई अर्ध्या पानावरून उठला असता तर अक्का त्या घराचं पाणी प्यायल्या नसत्या. मग मी एकच गोष्ट करू शकत होतो. खुर्चीवरून खाली घसरलो आणि टेबलाखाली शिरलो.

वर वीणानं माझं पान सावरलं.

"उठला काय हा?" अक्कांनी विचारलं.

मामांनी विचार करून निकाल दिला. "उठला कुठं? बुडाला."

चार पायांवर मी आत पोचलो. वीणानं बसल्याबसल्याच माझी खुर्ची पानांवरून पुढे केली. रम्यानं एका हातानं आधार दिला, मामांनी डाव्या हातानं. मी ती आत घेतली, अक्कांच्या मागे टेबलाशी ठेवली आणि म्हटलं, बसा. त्या नाही म्हणाल्या. रांधणारी आधी जेवत नाही.

"आता रांधणारा मी आहे," मी उलथणं हातात घेत म्हणालो. "तुम्ही पंगतीत."

त्या बसल्या. बहुधा गुडघ्यानंच निर्णय घेतला. वीणानं समोर पान मांडलं. मी लाटून ठेवलेली होळिगे तव्यावर टाकली आणि उलटताना तिचा कर्नाटकाचा नकाशा केला, तोही बेळगावकडून फाटलेला. तोच वाढला. वर तूप सोडलं, जरा जास्तच.

अक्कांनी घास घेतला. सगळे बघत होते. मामांची हकिगतही थांबली.

"करपलीय," अक्का म्हणाल्या. मग बराच वेळ चावत राहिल्या. "पण गरम आहे. तव्यावरची मी शेवटची लग्नाआधी खाल्ली होती."

वीणा पदर नसताना पदर शोधायला लागली. शेवटी तिनं माझ्या पानाजवळ पडलेल्या रुमालानं डोळे पुसले, त्याला तूप होतं.

अक्कांनी सावकाश पान संपवलं, पाणी प्यायल्या आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "नरसू, ऊठ."

"अक्का, दहीभात..."

"आता पंगतीत मोठी मी. ऊठ म्हणते ना? दहीभात उद्या खा. मी इथंच आहे."

मामा उठले. दहीभाताशिवाय, जन्मात पहिल्यांदा. टेबल सैल झालं, करकरत मागे आलं आणि वाट मोकळी झाली. वीणा आधी आत धावली.

दुसऱ्याच दिवशी मी रम्याला फोन करून टेबल बदलायचं काढलं. अक्कांनी हाणून पाडलं. जेवणारा मधेच उठून पळत नाही असं स्वयंपाकघर त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि आता बघितलंय तर त्या ते बिघडवू देणार नाहीत.

त्या आता आमच्याकडेच असतात. गुडघा आता कमी कुरकुरतो. वीणा रात्री शांत झोपते. रोज संध्याकाळी त्या ओळीतली पहिली खुर्ची धरतात, मग वीणा, रविवारी मामा. मग टेबल पुढे सरकवतात आणि वाट बंद होते.

आत मी असतो. होळिगे आता गोल येते. माझं जेवण सगळ्यांचं आटोपल्यावर.