तळागाळातले पन्नास टक्के

धारूरला जायचा कंटाळा आला, एवढाच माझा गुन्हा. बाकी जे झालं त्यात माझा हेतू शुद्ध होता. (शुद्ध हेतूच्या नवऱ्यांनी आजवर किती कामांचा चुथडा केला याची सरकारदरबारी नोंद होत नाही, म्हणून आम्ही टिकून आहोत.)

आमच्या सौभाग्यवती शिवकांताबाई अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवायचं पूर्ण आणि नोकरी अर्धी. रोज केजहून एसटीनं जायचं, पोरांना मन म्हणजे काय ते समजावायचं आणि घरी येऊन माझं मन सांभाळायचं, असा क्रम अठरा वर्षं बिनतक्रार चालला होता. निदान मला तक्रार ऐकू आली नव्हती. यंदा मुलगी रोहिणी फार्मसीला पुण्याला गेली, घर मोकळं झालं, आणि एका सकाळी भाकरी थापता थापता बाईंनी जाहीर केलं की बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत मानसशास्त्र आणि न्यूरोसायन्सच्या दोन वर्षांच्या कोर्सला त्या अर्ज करणार आहेत.

"या वयात?" मी म्हणालो. (चाळिशीतल्या बायकोला हे दोन शब्द कधीही म्हणू नयेत. विशेषतः तिच्या हातात भाकरीचं पीठ आणि समोर तापलेला तवा असताना.)

"मेंदूला वय नसतं," ती म्हणाली. "तुमचाच बघा की. अजून कोरा करकरीत हाय."

"आणि शिष्यवृत्ती?"

"तिला वय असतं. म्हणून तर यंदाच. पुढच्या वर्षी मी बसत न्हाई त्यात. शिष्यवृत्ती न्हाई तर बंगळूर न्हाई, एवढं सोपं हाय."

मी मोठ्या मनानं परवानगी दिली. ती कुणी मागितली नव्हती, पण दिली.

मला वाटलं होतं, अर्ज म्हणजे अर्ज. वर 'प्रति', खाली 'आपली विश्वासू', कोपऱ्यात एक कोर्ट फी तिकीट, झालं. या लोकांना मात्र 'मला हे का शिकायचं आहे' यावर आठशे शब्द हवे होते. महिनाभर बाई लिहीत होत्या आणि खोडत होत्या. मी एकवीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आहे. 'का' असं विचारणारा फॉर्म मी पाहिलेला नाही. तसं विचारायला लागलो तर कचेरी ओस पडेल.

त्यात तीन शिफारसपत्रं. एक प्राचार्यांनी दिलं, एक ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं. तिसरं वनमाला मॅडमचं. या तिच्या एम.ए.च्या बाई, आता निवृत्त होऊन धारूरला असतात आणि कम्प्युटरला हात लावत नाहीत.

"संस्थेकडून लिंक येती," शिवकांतानं मला समजावलं. "तुमी लॅपटॉप घेऊन जा. मॅडम सांगतील ते भरा, त्यांचं पत्र जोडा आणि या. शनिवारी पाचला सगळं बंद होतंय, आणि मला परीक्षेची ड्यूटी हाय. होईल ना तुमच्याच्यानं?"

"अगं, मी काय लहान हाय?"

"लहान असता तर संगं कुणाला तरी धाडलं असतं."

शनिवारी सकाळी जीपच्या थांब्यावर गेलो. धारूरची जीप सुटायला अजून सहा माणसं हवी होती. मी आत बसून विचार करू लागलो. (विचार माझ्या प्रकृतीला मानवत नाही, पण जीप भरेपर्यंत दुसरं काम नव्हतं.) माझ्या टेबलावरून रोज ढिगानं शिफारशी जातात. गुरुजींची चिठ्ठी ढिगाच्या तळाला जाते, आणि पुढाऱ्याच्या लेटरहेडवरची आली की साहेब उभं राहून वाचतात. निवृत्त बाईच्या पत्रावर आजवर कुणाचं काम झालंय? बंगळूर झालं म्हणून काय झालं, तिथंही साहेबच असणार. आणि बद्रीनाथ नानांचा बंगला तर थांब्याच्या मागंच होता.

मी जीपमधून उतरलो.

नाना म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारत नाहीत. सकाळचा दरबार भरला होता, नाना झोपाळ्यावर होते, आणि त्यांचा परमेश्वर कम्प्युटरवर होता. (परमेश्वर हे नाव आहे. तसा त्याचा अधिकारही तेवढाच आहे.)

"ये मल्लिकार्जुन. कावून आलास?"

"घरच्यांसाठी शिफारस पायजे नाना. बंगळूरला."

"बंगळूरला? परमेश्वर, तिथं आपलं कोन हाय बे?"

"कोनीच न्हाई नाना."

"न्हाई तर होईल. काम काय हाय?"

"मेंदूचा अभ्यास करायचा म्हणती."

नानांनी माझ्याकडे कळवळून पाहिलं. "आधी अंबाजोगाईला दाखीवलं का? तिथं चांगले डाक्टर हायेत."

"तिचा न्हाई नाना. लोकांच्या मेंदूचा अभ्यास."

"मंग बराबर हाय. लोकांचा मेंदू लई बिघडलाय. मागच्या इलेक्शनला बघितलास ना?"

मी लॅपटॉप उघडला, शिवकांताच्या पासवर्डनं तिच्या अर्जात शिरलो, वनमाला मॅडमचं नाव काढलं आणि नानांचं घातलं. दोन मिनिटांत परमेश्वरच्या कम्प्युटरवर लिंक आली. परमेश्वर इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला आहे, दोन प्रयत्नांत. तो प्रश्न वाचून मराठीत सांगू लागला.

"उमेदवाराला किती वर्षांपासून ओळखता?"

"लिही पंचवीस. हिच्या सासऱ्यापासून घरोबा हाय."

"कोणत्या नात्यानं?"

"कार्यकर्ता."

"उमेदवारात काही कमी हाय का?"

"आपल्या मानसात? काय कमी आसंल?" नाना माझ्याकडे वळले. "काय रे?"

मी सत्यवचनी माणूस. "तशी जरा तापट हाय," मी म्हणालो. परमेश्वरनं ते टाईप केलं.

"इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत उमेदवार कुठं बसतो? वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत..."

नाना झोपाळ्यावरून उठले. "एक टक्का? अरे, एक टक्क्यात डिपाझिट जातंय! मोठ्यात मोठा आकडा कोनता हाय?"

"पन्नास टक्के हाय नाना. पन त्याच्याम्होरं बॉटम लिवलंय."

"म्हंजी?"

परमेश्वरनं डोकं खाजवलं. "तळ. म्हंजी तळागाळातले पन्नास टक्के."

"टाक!" नाना गरजले. "तळागाळातला मानूस लई इमानदार. आनि पन्नास म्हंजी सरळ बहुमत."

पत्र तर आधीच तयार होतं. परमेश्वरनं त्यात नाव घातलं, नानांनी सही केली, गोल शिक्का उमटला, स्कॅन झालं, गेलं. शिक्का एकदम ठळक आला होता. ते पाहून माझा ऊर भरून आला. साडेअकराला मी घरी येऊन भाकरी खात होतो.

संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या शिवकांतानं विचारलं, "मॅडम कशा हायेत?"

"ठणठणीत."

"पत्रात काय लिहिलं त्यांनी?"

"लई भारी. लेटरहेडवर हाय."

"मॅडमचं कसलं लेटरहेड?"

"नवीन छापलंय म्हणे. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद लागतोच." (थाप मारायची तर तपशिलासकट मारावी.)

सोमवारी परमेश्वरनं घात केला. नानांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं पत्राचा फोटो टाकला, वर मजकूर: 'नानांच्या अथक प्रयत्नांतून केजच्या भगिनीची बंगळूरकडे झेप'. तीनशे माणसांनी हात जोडले. त्यातल्या एकानं तो फोटो शिवकांताच्या स्टाफरूममध्ये नेऊन दाखवला.

ती दुपारच्या एसटीनं घरी आली. मी तापानं रजेवर होतो. (ताप त्या फोटोनंतर आला.) चप्पल न काढता ती पलंगाच्या कडेला बसली आणि फोनमधून मोठ्यानं वाचू लागली.

"'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, श्रीमती शिवकांता या माझ्या विश्वासू कार्यकर्त्या असून त्यांच्या पतीची प्रकृती ठीक नसते. तरी त्यांची बदली पतीच्या गावापासून दूर करण्यात येऊ नये, ही विनंती.'"

परमेश्वरच्या कम्प्युटरमध्ये एकच पत्र आहे, बदलीचं. तो त्यात फक्त नाव बदलतो. बंगळूरच्या संस्थेला आम्ही सहीशिक्क्यानिशी कळवलं होतं की, कृपा करून हिला घेऊ नका.

"तुमी हे वाचलं न्हाई?"

"सही-शिक्का बघितला."

"वाचलं का, ते इचारलं मी."

"आवक-जावकला वाचत नसतात. नोंद करतात."

मला वाटलं आता तवा येईल. तो आला असता तर बरं झालं असतं. तिनं फोन पालथा ठेवला. "एम.ए. झालं तेव्हाच जायचं होतं मला," ती म्हणाली. "मग लग्न झालं, रोहिणी झाली, तुमची आई आजारी पडली. वीस वर्षं थांबले. आता शेवटचं एक दार होतं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "खरं सांगा. मी जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंत का हे?"

"न्हाई! देवाशपथ न्हाई!"

खरोखरच मुद्दाम केलं नव्हतं. पण ते 'न्हाई' माझं मलाच पुरतं पटलं नाही. तिनं जाणं मला नकोच होतं. दोन वर्षं या घरात एकट्यानं राहायचं या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती, आणि एवढी साधी गोष्ट बायकोला सांगायचं सोडून मी वयाचे आणि शिष्यवृत्तीचे प्रश्न काढत होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला सांगणार नाही.

मंगळवारी मी रजा वाढवली आणि न सांगता धारूरला गेलो. जीप भरेपर्यंत मुळीच विचार केला नाही. वनमाला मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी पाच मिनिटं हसल्या, मग पाच मिनिटं मला झापलं, मग हातानं दोन पानं लिहून दिली. त्यांचे फोटो काढून मी संस्थेला ईमेल केला आणि सोबत स्वतःचं पत्र जोडलं: 'सदर चूक अर्जदाराची नसून निम्नस्वाक्षरीकाराची आहे.' नोकरीत आजवर मी इतकं खरं काही लिहिलं नव्हतं. सवयीनं जावक क्रमांकसुद्धा टाकला.

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता अजून काही करू नका." त्यानंतर आठवडाभर आमच्यात आमटी-भाकरीपुरतंच बोलणं होतं.

मग बंगळूरहून ईमेल आला. मुलाखत, लॅपटॉपवर. ती आतल्या खोलीत बसली, मी दाराआड उभा राहिलो. पलीकडे तीन प्राध्यापक होते, इंग्रजी-हिंदीत बोलत होते. पहिला प्रश्न मेंदूचा विचारतील असं मला वाटलं होतं. एक बाई म्हणाल्या, "तुमचं तिसरं पत्र आम्ही सगळ्यांनी भाषांतर करून घेऊन वाचलं. दोनदा. हे नक्की काय आहे?"

ती म्हणेल 'चूक झाली, माफ करा', असं मला वाटलं. ती तसं म्हणाली नाही. तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडे दाखल्यापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत प्रत्येक कामाला वरच्या माणसाची चिठ्ठी कशी लागते, चिठ्ठी असली की माणसाचं मन कसं निर्धास्त होतं, शिक्का दिसला की वाचणं कसं थांबतं. "माझे पती मूर्ख नाहीत," ती म्हणाली. (दाराआड मी ताठ झालो.) "निदान पूर्ण नाहीत. रोज शेकडो कागद हाताळणारा माणूस शिक्का दिसताच वाचायचं बंद करतो, त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय होतं, मला ते शोधायचंय."

पलीकडचे तिघं एकदम बोलू लागले. वीस मिनिटांची मुलाखत तासभर चालली. त्या आठशे शब्दांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. वनमाला मॅडमची दोन पानं मात्र फाईलला लावल्याचं सांगितलं.

जूनमध्ये निवडीचं पत्र आलं, शिष्यवृत्तीसकट. नानांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर शिवकांताचा फोटो कोपऱ्यात आणि नानांचा मधोमध. शिवकांता रडली, हसली आणि बॅग भरायला लागली. मी म्हणालो, "मला करमणार न्हाई." ती म्हणाली, "ठाऊक हाय. हे आधी बोलला असता तर धारूर, नाना, सगळंच वाचलं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं माझ्यासमोर चार पानी फॉर्म ठेवला. तिच्या संशोधनात पहिला नमुना मीच होतो आणि त्यासाठी माझी संमती हवी होती. मी खिशातलं पेन काढलं आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"आधी वाचा," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चौथ्या पानावर रकाना होता: 'सहभागी व्यक्ती स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास समर्थ नसल्यास पालकाची सही.' तिथं सुवाच्य अक्षरात शिवकांताची सही आधीच झालेली होती, तारखेसह.

"हे काय?"

"रकाना रिकामा सोडला तर फॉर्म परत येतो. तुमीच सांगता ना लोकांना?"

एकवीस वर्षं याच कारणानं मी लोकांचे फॉर्म परत केले होते. मी माझ्या सहीची जागा शोधू लागलो. ती कुठंच नव्हती. खाली फक्त एक चौकोन होता, आणि त्यात लिहिलं होतं: डाव्या हाताचा अंगठा.

मी मुकाट्यानं उठलो आणि शाईचं पॅड घेऊन आलो.