नव्व्याण्णव पुढारी आणि एक तबीथा

एका जंगलात, बाळांनो, एक मंडळी होती. मंडळी म्हणजे चर्चची. नवरे लोक घरातल्या बाईला 'आमची मंडळी' म्हणतात, ती नव्हे.

ही मंडळी मेथडिस्ट होती. मेथडिस्ट या शब्दाचा मेथीच्या भाजीशी काही संबंध नाही. संबंध आहे तो पद्धतीशी. देवाची भक्ती करायची, पण पद्धतशीर.

मंडळीत सभासद होते बरोबर शंभर. ससे होते, सांबरं होती, मोर होते, मुंगसं होती. एक कासव होतं. ते नाताळच्या उपासनेला निघायचं आणि ईस्टरला पोचायचं.

बारा-तेरा जणांचा एक वर्ग. वर्गाला एक पुढारी. पुढाऱ्याने आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या दारी जायचं आणि विचारायचं, "तुझ्या जिवाचं कसं आहे?" विचारून झालं की उत्तर मिळेपर्यंत थांबायचं. एवढीच पद्धत. जुने पुढारी फार शिकलेले नव्हते, त्यामुळे ते थांबायचे.

पण जुने पुढारी एकेक करून म्हातारे झाले, एकेक करून देवाघरी गेले. मग एक दिवस वरून पत्रक आलं. वरून म्हणजे स्वर्गातून नव्हे, बिशप हत्तींच्या कचेरीतून. दोन्हींत फरक असतो. पण जिल्ह्याचे अधीक्षक रेव्हरंड एलिया घोडके यांना तो कधी जाणवला नव्हता.

घोडके साहेब खरोखरच घोडा होते. आपल्या पंथाचे मूळपुरुष घोड्यावर बसून गावोगाव उपदेश करत हिंडले, हे ते प्रत्येक रविवारी सांगत. ते अशा काही थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे, उपदेश घोड्यानेच केला असावा.

पत्रकात लिहिलं होतं, 'पुढाऱ्यांची टंचाई आहे. पुढारी घडवा. किती घडले ते वार्षिक परिषदेत कळवा.'

किती घडवा, ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून घोडके साहेबांनी सगळेच घडवायचे ठरवले.

तळ्याकाठी तीन दिवसांचं शिबिर झालं. मार्गदर्शक होता रोहित पक्षी. तो दर हिवाळ्यात लांबून यायचा, म्हणजे त्याला जास्त कळत असणार. तो त्याच्या बोलीत म्हणाला, "पुढारी सदा तयार असावा." साळुंकीने भाषांतर केलं, "पुढारी एका पायावर तयार असावा!"

भाषांतर फक्कड होतं. पण बाळांनो, सगळ्यांनी वक्त्याकडे पाहिलं. आणि वक्ता पाण्यात एका पायावर उभा होता.

झालं. नव्व्याण्णव जणांनी एकेक पाय वर उचलला. कासवाला जरा वेळ लागला.

चार पायांच्यांनी एक उचलायचा की तीन, यावर गटचर्चा झाली. एक पुरे असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बिल्ले मिळाले. जो पाय टेकवील, त्याचा बिल्ला जाईल, असा नियमही झाला.

शिबिराला एकटी तबीथा हरिणी गेली नाही. तिचं पाडस, रूथ, अकरा दिवसांचं होतं. "बाळ झोपलं की आलेच," असं ती म्हणाली होती. बाळ झोपलं नाही. ते झोपलं असतं तरी ती गेली नसती. श्वास चालू आहे का, ते बघत बसली असती. बिल्ले लावलेले सगळे दारावरून एका पायावर लंगडत गेले, तेव्हा तबीथाला वाटलं, सगळं जंगल घडलं, आपण तेवढ्या राहिलो.

सोमवारी अडचण लक्षात आली. नव्व्याण्णव पुढारी. सभासद एक.

तबीथाचे नव्व्याण्णव भाग करता येईनात. म्हणून पाळ्या लावल्या. रोज चौदा पुढारी तिच्या दारी येणार आणि जिवाचं विचारणार. उरलेलं कासव पोचेल तेव्हा विचारणार. सोमवारी चौदांनी विचारलं. मंगळवारी चौदांनी विचारलं. दरवेळी रूथ दचकून उठली.

बुधवारी सकाळी रूथने दूध सोडलं.

तबीथाने तिच्या नाकाला नाक लावलं. गरम. श्वास मोजले. मध्येच चुकली. पुन्हा मोजले. आपण उगीच घाबरतोय का? की घाबरायला उशीर केला? ओढ्यापलीकडची अस्वलीण तापावर मुळी द्यायची. धावत गेलं तर अर्ध्या घटकेचं काम. पण रूथला न्यावं तर पाणी गार, आणि ठेवावं तर झुडपामागे कोल्हा. कोल्हा कुठल्याच पंथाचा नव्हता.

कुणीतरी घटकाभर जवळ बसायला हवं होतं. बस, एवढंच हवं होतं.

पहिला आला शलमोन मोर. एका पायावर उभा राहून म्हणाला, "सलाम, तबीथाबाई. तुमच्या जिवाचं कसं आहे?"

"जीव थाऱ्यावर नाही, शलमोनभाऊ. पोरीला ताप आहे. जरा बसता का तिच्याजवळ? मी मुळी घेऊन येते."

मोराने वही उघडली. "यात तीन रकाने आहेत. 'उत्तम', 'बरं' आणि 'प्रार्थनेची गरज'. तुमचं कशात घालू?"

"बसण्याच्या रकान्यात घाला."

"तो नाहीये हो. आणि बसायचं म्हणजे पाय टेकवावा लागणार. काल एका सशाने टेकवला. गेला ना बिल्ला!"

मग दोन मुंगसं आली. आधी कोणी विचारायचं यावरून त्यांचं भांडण जुंपलं. ते मिटलं तेव्हा त्यांची वेळ संपली होती.

मग मार्था सांबरीण आली. तिला बघून तबीथाला हायसं वाटलं. बाळंतपणात मार्थाच तर उशाशी होती.

"मार्थाताई, तू तरी बस गं."

"अगं, गेल्या आठवड्यात बसले असते. आता मी पुढारी झाले ना. एकाच सभासदाकडे जास्त लक्ष दिलं तर पक्षपात होतो."

"पण सभासद एकच आहे, ताई!"

"म्हणून तर जास्त जपावं लागतं," मार्था म्हणाली आणि लंगडत बाजूला झाली.

दुपारपर्यंत चौदाही पुढारी दाराशी जमले. शेवटी घोडके साहेब स्वतः आले. तबीथाने त्यांच्यापुढे मान खाली घातली.

"साहेब, मला बिल्ला द्या. मीही पुढारी होते. मग हे सगळे माझ्या दारातून जातील तरी. निदान पोरगी झोपेल."

घोडके साहेब दचकले. उचललेला पाय टेकता टेकता राहिला.

"भलतंच! पुढारी म्हणजे जो पुढे असतो तो. आम्ही कोणाच्या पुढे आहोत? तुमच्या. तुम्ही घडलात तर आम्ही कोणाच्या पुढे उभं राहायचं? तबीथाबाई, तुम्ही मंडळीचा कणा आहात. कण्याने हट्ट करू नये."

"मग पोरीचं काय करू?"

"आपण प्रार्थना करू."

चांगली गोष्ट आहे. प्रार्थना करावीच. पंधरा जणांनी डोळे मिटले. घोडके साहेबांनी बिशपांसाठी प्रार्थना केली. वार्षिक परिषदेसाठी केली. दूरदूरच्या बेटांसाठी केली. बेटांची नावं त्यांना पाठ होती.

चौथ्या बेटाला तबीथाने रूथला नाकाने ढकलून उभं केलं. सातव्या बेटाला दोघी ओढ्यात होत्या. पाणी गार होतं. आईने अंगाचा आडोसा केला, पिल्लाची मान पाण्यावर धरली आणि आपण चुकतोय, आपण चुकतोय, असं म्हणत ती पलीकडे गेली.

"आमेन," इकडे घोडके साहेब म्हणाले. सगळ्यांनी डोळे उघडले. समोर नुसतं गवत होतं.

पलीकडे अस्वलीण मुळ्या वाळत घालत होती.

"कोण गं तू?"

"तबीथा. मंडळीची सभासद."

"ते राहू दे. पोर इकडे दे."

अस्वलिणीने मुळी चावून रूथच्या तोंडात घातली. तिला पोटाशी घेतलं आणि ती चांगली फतकल मारून बसली. मग तबीथाकडे बघून म्हणाली, "आणि तू काही खाल्लंस का?"

तबीथाला रडूच फुटलं. अस्वलिणीने काही लिहून घेतलं नाही. ती तशीच बसून राहिली.

ऊन कलताना रूथ दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी तिने दोन उड्या मारल्या. तबीथा चार दिवस राहते म्हणाली. मग पावसाळ्यापर्यंत म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही.

इकडे वार्षिक परिषद भरली. घोडके साहेबांनी अहवाल वाचला. "यंदा आमच्या जिल्ह्यात नव्व्याण्णव पुढारी घडले. आणि सांगायला आनंद वाटतो, की आमचे शंभर टक्के सभासद सुवार्तेच्या कामासाठी ओढ्यापलीकडे गेले!"

बिशप हत्तींनी सोंड उंचावून आशीर्वाद दिला. टाळ्या झाल्या. इतर जिल्ह्यांनीही आपापले सभासद असेच पाठवावेत, असा ठराव झाला.

तेवढ्यात कासव पोचलं. ते हळूच म्हणालं, "साहेब, तबीथाला शोधायला कोणी जायचं का?"

"कोण जाणार?" घोडके साहेब म्हणाले. "इथे सगळे पुढारी आहेत."

तात्पर्य: बाळांनो, शंभरांतलं एक मेंढरू हरवलं, तर येशूच्या गोष्टीतल्या मेंढपाळासारखं त्याच्या मागे जाऊ नये. मागे जाणाऱ्याला पुढारी म्हणत नाहीत.